सूक्ष्मजीवांचे खाद्य आणि मालकीचा प्रश्न

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायो-ई-३’ या नावाचे धोरण मंजूर केले. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिन्हींसाठी जैवतंत्रज्ञान, असा त्या नावाचा अर्थ सांगण्यात आला. खनिज तेलापासून आज जी रसायने, प्लास्टिके आणि इंधने तयार होतात, त्यांपैकी पुष्कळशी उद्या सूक्ष्मजीवांकडून करून घ्यावयाची, अशी या धोरणामागील कल्पना आहे. कल्पना चुकीची नाही. तेलाच्या आयातीवर देशाचे परकीय चलन खर्च होते, हवामान बिघडत चालले आहे आणि खनिज तेल कधीतरी संपणारच आहे. विज्ञानाला विरोध करणे ही समाजवादी चळवळीची परंपरा नव्हे. परंतु या साऱ्या चर्चेत एक प्रश्न बाजूला पडतो. हे कोट्यवधी सूक्ष्मजीव खाणार काय, आणि ते खाद्य आज कोणाच्या ताटातले, कोणाच्या गोठ्यातले किंवा कोणाच्या विहिरीतले आहे?

यीस्ट, बुरशी आणि जिवाणू यांना मोठाल्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून मद्यार्क, सायट्रिक आम्ल, प्रतिजैविके, विकरे अशा वस्तू तयार करून घेणे, हे औद्योगिक जैवतंत्रज्ञानाचे मुख्य काम. या जिवांना नत्र लागते, क्षार लागतात. पण सर्वांत अधिक लागतो तो कर्ब, म्हणजेच कार्बन. त्यांचे शरीर त्याचेच बनते आणि त्यांनी तयार केलेला मालही त्याचाच. मद्यार्कासारख्या घाऊक आणि स्वस्त मालात उत्पादनखर्चाचा सर्वांत मोठा हिस्सा या खाद्याचाच असतो. शिवाय दिलेले सगळे खाद्य मालात उतरत नाही. यीस्टला १८० ग्रॅम ग्लुकोज दिले, तर हिशेबाने फार तर ९२ ग्रॅम मद्यार्क मिळतो; उरलेले ८८ ग्रॅम कर्बवायू होऊन हवेत जातात. शेतकऱ्याने पाणी आणि घाम घालून पिकवलेल्या साखरेतील एकतृतीयांश कर्ब अशा रीतीने टाकीतूनच निघून जातो. म्हणून कर्बाचा स्रोत कोणता, ही बाब केवळ तंत्रज्ञांच्या पसंतीची नसून ती अर्थशास्त्राची, आणि त्यामुळे राजकारणाचीही, बाब आहे.

स्थूलमानाने हे स्रोत चार प्रकारचे आहेत. पहिला साखरेचा : उसाचा रस आणि मळी, म्हणजे मोलॅसिस. दुसरा पिष्टाचा : मका, तांदूळ, कसावा. तिसरा काष्ठमय पदार्थांचा : भाताचा पेंढा, उसाचे चिपाड, बांबू. चौथा वायूंचा : कारखान्यांतून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड, कर्बवायू किंवा मिथेन. पहिले दोन स्रोत सूक्ष्मजीवांना सहज पचतात, पण ते माणसांच्या अन्नाशी स्पर्धा करतात. पुढचे दोन ‘पर्यायी’ म्हणून गौरवले जातात, कारण ते वाया जाणाऱ्या वस्तूंतून मिळतात असे मानले जाते. हे मानणे कितपत खरे आहे, ते पुढे पाहू.

स्रोत बदलला की कोणाची तरी उपजीविका बदलते, हे इतिहासात वारंवार घडलेले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला स्फोटक दारूसाठी अ‍ॅसिटोन हवे होते. काइम वाइझमन यांनी ते मक्याच्या पिष्टावर जिवाणू वाढवून मिळवण्याची पद्धत काढली. पण पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे धान्याची जहाजे बुडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये इंग्लंडमधील शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करण्याच्या कामी लावण्यात आले. माणसाला न खाता येणारे पिष्ट जिवाणूंना द्यावे आणि धान्य माणसांसाठी राखावे, हा त्यामागील विचार होता. ते फळ जिवाणूंना फारसे मानवले नाही, ही गोष्ट निराळी. टंचाईच्या काळात भांडवलशाही राष्ट्रालादेखील ‘आधी माणूस, मग जिवाणू’ हा क्रम मान्य करावा लागला, हे महत्त्वाचे.

त्याच वर्षी अमेरिकेत जेम्स करी यांनी साखरेच्या द्रावणात बुरशी वाढवून सायट्रिक आम्ल करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि १९१९ मध्ये फायझर कंपनीने त्या रीतीने उत्पादन सुरू केले. तोवर हे आम्ल लिंबांपासून होत असे आणि इटलीचा त्या व्यापारावर जवळजवळ एकाधिकार होता. पुढील दहाएक वर्षांत तो व्यापार कोसळला. ग्राहकाला आम्ल स्वस्त मिळाले. परंतु लिंबांच्या बागांत राबणाऱ्यांचे काय झाले, हा हिशेब कोणत्याही ताळेबंदात आला नाही. पेनिसिलिनची कथा याहून सुखद आहे. १९४१ मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे भिजवणीचे पाणी बुरशीच्या खाद्यात मिसळले गेले आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढले. मक्याच्या कारखान्याला नकोशा झालेल्या पदार्थाने लाखो जखमींचे प्राण वाचवले. ते संशोधन सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक प्रयोगशाळेत झाले होते, हे या ठिकाणी विसरून चालणार नाही.

विज्ञान यशस्वी होऊनही अर्थकारणाने त्याला हरवल्याची उदाहरणेही आहेत. ब्रिटनमधील आयसीआय कंपनीने बिलिंगहॅम येथे मिथेनॉलवर जिवाणू वाढवून पशुखाद्यासाठी प्रथिन तयार करण्याचा प्रचंड कारखाना १९८० च्या सुमारास उभारला. जिवाणूंनी आपले काम चोख केले. परंतु मिथेनॉल ज्या नैसर्गिक वायूपासून होई तो महागला आणि सोयाबीनची पेंड स्वस्तच राहिली. तो उद्योग टिकला नाही. भारतातही बरेली येथे १९६० च्या दशकात मळीच्या मद्यार्कापासून कृत्रिम रबर होऊ लागले होते. खनिज तेलातून मिळणारी रसायने स्वस्त झाली तसतसा मद्यार्कावर आधारलेला रसायनउद्योग मागे पडत गेला. आज तोच विचार नव्या नावाने परत येत आहे. तेव्हा बाजारभावाच्या भरवशावर सोडलेला कर्बाचा स्रोत टिकतोच असे नाही, आणि तो टिकावा म्हणून सरकार जेव्हा भावाची व खरेदीची हमी देते, तेव्हा जनतेचा पैसा त्यात गुंतलेला असतो. ज्यात जनतेचा पैसा आहे, त्यात जनतेचा अधिकारही असला पाहिजे.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी असलेला संबंध जुना आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातील पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातील होती. त्यावेळी कच्चा माल होता मळी, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणारा पदार्थ. ती व्यवस्था पुष्कळशी समंजस होती : माणसाने साखर घ्यावी, यीस्टने उरलेले घ्यावे. पुढे मिश्रणाचे उद्दिष्ट वाढत गेले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस आणि धान्य यांचीही वाट मोकळी केली. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचे आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. आयातीत बचत झाली आणि तेल कंपन्यांचे पैसे लवकर मिळू लागल्याने उसाची थकबाकी कमी झाली, हे मान्य केले पाहिजे.

पण या यशाची किंमत कोणी दिली? नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. महाराष्ट्रात ऊस एकूण पिकाखालील जमिनीच्या चार टक्क्यांच्या आसपास जागा व्यापतो, पण सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा घेतो, असे कृषिमूल्य आयोगाने वारंवार नोंदवले आहे. ज्या मिरजेत इथेनॉलचा पहिला प्रयोग झाला, त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याच्या पाण्याची रेल्वेगाडी धाडावी लागली. लातूर जिल्ह्यात साखर कारखाने होते, ऊस होता. नळाला मात्र पाणी नव्हते. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा ७ डिसेंबर रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले. आठवड्याभरात ते काहीसे शिथिल केले आणि पुढील हंगामासाठी काढून टाकले. कर्ज काढून आसवन्या उभारणाऱ्या सहकारी कारखान्यांचे सभासद या धरसोडीत भरडले गेले. याला नियोजन म्हणत नाहीत.

रसावर निर्बंध येताच खाद्य म्हणून मका पुढे आला आणि २०२३-२४ च्या इथेनॉल हंगामात तो सर्वांत मोठा स्रोत ठरला. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मक्याचा निव्वळ आयातदार बनला. मक्याचे भाव चढले, हे मका पिकवणाऱ्यासाठी चांगलेच झाले. पण कुक्कुटपालनावर जगणाऱ्या लहान उत्पादकाचा खाद्याचा खर्च वाढला. गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. मक्याचे आणि तांदळाचे इथेनॉल केल्यावर जो चोथा उरतो, त्यात प्रथिने भरपूर असतात. तो स्वस्तात बाजारात आला आणि सोयाबीनच्या पेंडीची मागणी त्याने कमी केली. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मराठवाडा-विदर्भातील बाजारसमित्यांत शेतकऱ्याला त्याहून बरेच कमी पैसे घेऊन परतावे लागले. त्याला खाद्यतेलाच्या आयातीसारखी इतरही कारणे होती. परंतु यीस्टचे खाद्य बदलल्याचा फटका अशा शेतकऱ्याला बसला, ज्याचा आसवनीशी काहीही संबंध नव्हता. एका धाग्याला हात लावला की दुसरीकडचे कापड आकसते.

यावर उपाय म्हणून ‘दुसऱ्या पिढीचे’ इंधन सुचवले जाते. धान्याला हात न लावता पेंढा, चिपाड, बांबू यांतील काष्ठतंतू फोडून साखर मिळवावयाची आणि ती सूक्ष्मजीवांना द्यावयाची. इंडियन ऑइलने पानिपत येथे उभारलेला, वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा वापरू शकणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. आसामात नुमालीगड येथे बांबूवर आधारलेल्या प्रकल्पाचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत, पण त्यांतील अडचणी ओळखल्या पाहिजेत. काष्ठतंतू फोडण्यासाठी उष्णता, आम्ल आणि महागडी विकरे लागतात. त्यांतून निघणाऱ्या साखरेचा काही भाग साध्या यीस्टला पचतच नाही. पेंढा हलका आणि पसाऱ्याचा असल्याने त्याची वाहतूक जड जाते. अमेरिकेतील आयोवा राज्यात ड्यूपाँटने २०१५ मध्ये उघडलेला असा महाकाय कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. रुमानियातील पोदारी येथील क्लॅरियंटच्या कारखान्याला २०२३ च्या अखेरीस टाळे लागले.

याहून मूलभूत आक्षेप ‘वाया जाणारा माल’ या शब्दप्रयोगावर आहे. पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा शेतातच जाळला जातो, तेव्हा तेथे त्याला टाकाऊ म्हणणे समजू शकते. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याला विचारावे की त्याच्या शिवारात वाया काय जाते. ज्वारीचा कडबा हा जनावरांचा उन्हाळ्याचा आधार आहे. धान्य हाती लागले नाही तरी कडब्यासाठी ज्वारी पेरणारे शेतकरी आहेत. पऱ्हाटी आणि तुराट्या गरिबाच्या चुलीत जातात, कुडाच्या भिंतींना लागतात. उसाचे पाचट शेतात कुजवले तर जमिनीचा कस टिकतो. म्हणूनच ते जाळू नका असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. उसाचे वाढे रूढीने ऊसतोड मजुराच्या वाट्याचे. त्यावर त्याचे बैल जगतात आणि उरलेले विकून पालावरचा रोजचा बाजारहाट होतो. या वस्तूंची पावती फाटत नाही, म्हणून शासनाच्या आकडेवारीत त्या टाकाऊ ठरतात. ज्या दिवशी कंपनीचा ट्रक कडबा न्यायला गावात येईल, त्या दिवशी जमीनमालकाला दोन पैसे मिळतील. भूमिहीनाची शेळी मात्र उपाशी राहील. गायरानांच्या आणि जंगलांच्या बाबतीत हे एकदा घडून गेले आहे : ज्यावर सर्वांचा वापराचा हक्क होता, त्याला ‘पडीक’ असे नाव देण्यात आले आणि मग ते काढून घेण्यात आले.

चौथा स्रोत वायूंचा. चीनमध्ये शौगांग या पोलाद कंपनीच्या भट्टीतून निघणाऱ्या वायूवर जिवाणू वाढवून इथेनॉल करणारा कारखाना २०१८ मध्ये सुरू झाला. त्याच लांझाटेक कंपनीच्या तंत्राने पानिपत येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातही असा प्रकल्प उभा राहिला आहे. येथे शेतजमीन लागत नाही, कडबा लागत नाही, हे फार मोठे श्रेय आहे. परंतु असा वायू मोठ्या भट्टीपाशीच मिळतो, आणि ज्याची भट्टी त्याचाच कर्ब. पोलाद व तेल यांचे कारखाने सार्वजनिक क्षेत्रात राहिले, तर या नव्या संपत्तीवर समाजाचा हक्क राहील. ते विकून टाकले, तर धूरदेखील खाजगी मालमत्ता होईल.

प्रत्येक नव्या स्रोताबरोबर पंचमहाकाय यंत्रेच आली पाहिजेत असे नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा त्याची थट्टा करणारे पुष्कळ होते. जैवतंत्रज्ञानात तो आग्रह आज अधिक समर्पक आहे, कारण पेंढ्यासारखा माल दूर नेणे महाग आणि जागीच वापरणे स्वस्त. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकटे अन्न, खराब धान्य असे पिष्टमय खाद्य सूक्ष्मजीवांना देऊन चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केले. चाळीस किलो शेणातून मिळतो तितका वायू अशा दोन किलो खाद्यातून मिळतो, असे संस्थेचे सांगणे आहे. २००६ मध्ये या कामाला ब्रिटनमधील अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पर्यायी कर्बस्रोताचे हे अस्सल देशी उदाहरण. त्यावर शासनाने किती पैसा लावला आणि मोठ्या आसवन्यांच्या कर्जांवरील व्याजसवलतीवर किती, याची तुलना विधिमंडळात कोणी तरी मागितली पाहिजे.

शेवटी प्रश्न वाटपाचा. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचा पाया घातला, तेव्हा उसाच्या प्रत्येक कणाचे मूल्य पिकवणाऱ्याला मिळावे, हे ध्येय होते. आज राज्यातील जवळपास निम्मे कारखाने खाजगी आहेत आणि सहकारी म्हणवणाऱ्या अनेकांत सभासदाचा शब्द चालत नाही. पूर्वी कारखान्याला होणाऱ्या जादा नफ्यात शेतकऱ्याचा वाटा मान्य करणारे कलम ऊस नियंत्रण आदेशात १९७४ मध्ये आले होते. एफआरपी आली तेव्हा, २००९ मध्ये, ते गेले. एफआरपीचे गणित साखरेच्या उताऱ्यावर चालते, तर कारखान्याची कमाई साखरेखेरीज इथेनॉल, वीज, प्रेसमडचा वायू अशा अनेक वाटांनी वाढते आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये उपपदार्थांसह उत्पन्नाचा सत्तर टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा असे सुचवले. उपपदार्थांची यादी लांबत असताना तो हिशेब उघडपणे मांडला जात नाही. ऊसतोड मजुराचे नाव तर कोणत्याच सूत्रात नाही. बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन बाहेर पडणारे जोडपे मुकादमाची उचल फेडण्यासाठी सहा महिने राबते; तेथील स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचे वास्तव २०१९ मध्ये महाराष्ट्रापुढे आले. ‘हरित’ म्हणून मिरवणाऱ्या इंधनाच्या मुळाशी हे श्रम आहेत.

यातून कार्यक्रम स्पष्ट होतो. दुष्काळात आधी पिण्याचे पाणी, मग अन्न, मग चारा, आणि त्यानंतर आसवनी, असा क्रम कायद्याने ठरला पाहिजे. कोणत्याही पिकाचा अवशेष ‘टाकाऊ’ ठरवण्याआधी त्याचा गावात काय उपयोग होतो, याची नोंद ग्रामसभेने करावी आणि तीत भूमिहीनांचे म्हणणे प्रथम यावे. मळीपासून वायूपर्यंत सर्व उपपदार्थांचे उत्पन्न वाटपाच्या सूत्रात आणून शेतकरी, कारखान्याचा कामगार आणि ऊसतोड मजूर या तिघांचेही वाटे त्यात ठरवावेत. विकरे आणि सूक्ष्मजीवांचे वाण यांसाठी परदेशी कंपन्यांच्या दारात उभे राहावे लागू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. पिंपरीच्या सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये याच मातीतील जिवाणूपासून हॅमायसिन शोधले गेले आणि त्या जिवाणूला पिंपरीचेच नाव मिळाले. ही परंपरा पैशावाचून सुकवणे हा राष्ट्रीय गुन्हा आहे. बरेलीच्या रबर कंपनीच्या खटल्यात औद्योगिक मद्यार्कावरील राज्यांचा अधिकार १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारला होता. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो राज्यांना परत दिला. महाराष्ट्र शासनाने तो केवळ कर वसूल करण्यासाठी न वापरता या उद्योगाला शिस्त लावण्यासाठी वापरावा, यासाठी दबाव आणणे हे पक्षाचे काम आहे.

गळीत हंगामात कार्यकर्ते ऊसदराच्या सभा घेतातच. त्या सभांत टनामागे किती रुपये, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. त्या टनातून कारखान्याने काय काय काढले, त्यासाठी किती पाणी गेले, वाढे आणि पाचट कोठे गेले, आणि आलेल्या पैशातला किती भाग फडात कोयता चालवणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला, हे प्रश्न वार्षिक सभेत लेखी विचारावे लागतील आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे लागेल.